सहा लाख ऐंशी हजारांचा गिअरबॉक्स

दादा,

काल दुपारी ती निळी गाडी आपल्या गॅरेजातून निघाली आणि फाटकाशी वळताना तिच्या मालकानं दोनदा हॉर्न वाजवला. मी चिंध्यांनी हात पुसत उभी होते. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या काळात कितीतरी गाड्या आल्या-गेल्या, पण बसून तुम्हाला काही लिहावं असं वाटलं नव्हतं. काल वाटलं. आज रविवार, गॅरेज बंद आहे. तुमचा लेक भाजीला गेलाय, आई आत टीव्ही बघताहेत, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय. एका ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम केलं, त्याचे सहा लाख ऐंशी हजार रुपये झाले, आणि ते मी समोरच्याच्या डोळ्यात बघून सांगितले आणि घेतले. तुम्ही असतात तर आकडा ऐकून आधी मटकन खाली बसला असतात, आणि मग कागद मागितला असतात. म्हणून सगळं नीट लिहिते.

मी लग्न होऊन आले तेव्हा गॅरेज पंचवटीत होतं, दोन शटरचं. तुमच्या लेकाला सातपूरच्या कंपनीत नोकरी लागलेली होती आणि त्याला गॅरेजचं तोंड बघायचं नव्हतं. काळ्या हातांनी जेवायचा कंटाळा आला म्हणायचा. मग तुमचा डबा पोचवायचं काम माझ्याकडं आलं. तुमचं जेवण होईपर्यंत डब्यासाठी थांबायचं, म्हणून मी स्टुलावर बसून राहायचे. बघायला दुसरं काही नसायचंच, मग तुमचे हात बघायचे. एके दिवशी तुम्ही एका जीपचा गिअरबॉक्स जोडताय, घामानं चष्मा घसरतोय, आणि मी आपली बोलून जाते, "दादा, ती बारीक रिंग उलटी बसली." तुम्ही वर बघता. मला वाटतं, आता संपलं. सासऱ्याला शिकवायला निघाली! तुम्ही रिंग काढता, उजेडात धरता. "तुला कसं कळलं?" मी म्हणते, "सकाळी काढताना चकाकती बाजू वर होती." तुम्ही रिंग सुलटी बसवता, हात धुता, अख्खा डबा शांतपणे संपवता, आणि डब्याची कडी लावताना म्हणता, "उद्यापासनं दोन डबे आण सूनबाई. एक तुझा."

आईंनी त्यावरून महिनाभर अबोला धरला होता. निफाडहून बारावी शिकलेली सून केली ती काय ग्रीस लावायला, असं त्या शेजारणीला ऐकवत होत्या. तुम्ही त्यांची समजूत काढायला गेला नाहीत. फक्त रोज सकाळी दारात उभं राहून "चल गं, उशीर होतोय" म्हणायचात. तेवढ्यानंच हळूहळू घराला सवय झाली.

तुमचं बोलणं मी एकदाच मनाला लावून घेतलं. सिन्नरला काळी-पिवळी चालवणारा एक ड्रायव्हर आला होता, गिअर सुटतात म्हणून. तुम्ही बँकेत गेला होतात. मी गिअरबॉक्स तपासला, काय काय बदलावं लागेल ते कागदावर लिहिलं, आणि सामानाच्या किमतीवर दोनशे रुपये मजुरी लावली. दोन दिवसांचं काम. मला वाटलं, घरचंच गॅरेज, माझ्या हातांचे कसले पैसे? तुम्ही आलात, कागद वाचलात, आणि त्या ड्रायव्हरसमोरच विचारलंत, "सूनबाई, हे कुणी लिव्हलं?" मी म्हणाले, मी. "मग ह्यात तू कुठं हाय?" मला कळेना. तुम्ही कागदावर बोट आपटलंत. "बेरिंग हाय, सील हाय, तेल हाय. दोन दिवस राबणारी बाई कुठं हाय? ऐक. स्वस्त सांगून मागनं वाढवणारा चोर असतो. आन् स्वस्त सांगून घरातनं घालणारा मूर्ख. चोराचं निदान पोट तरी भरतं." ड्रायव्हर हसला. मी घरी येऊन ओट्याशी उभी राहून रडले. पोळ्या करता करता रागानं एवढं पीठ मळलं, की आईंनी विचारलं, कुणी जेवायला येणार आहे का? दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्हीही माफी वगैरे मागितली नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या स्टुलावर इस्टिमेटचं एक कोरं पुस्तक ठेवलेलं होतं, एवढंच.

आणि मग तो दिवस, ज्या दिवशी तुम्ही एक गिऱ्हाईक परत पाठवलंत. आपल्या गॅरेजातून गिऱ्हाईक परत गेलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. एक मोठी ऑटोमॅटिक गाडी होती, गिअर पडत नव्हते. तुम्ही खाली वाकून बघितलंत, उठलात आणि म्हणालात, "ह्या डब्याला हात लावायचा नाय. आपल्याला येत नाय." ते लोक गेले. तुम्ही बराच वेळ चहाचा ग्लास तसाच हातात धरून बसला होतात. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "पोरी, चाळीस वर्षं गिअरबॉक्स खोलतोय. आता जग तिकडं चाललं, आन् मला शिकवणारं कुणी नाय." तुम्ही मला पोरी क्वचितच म्हणायचात.

त्या दिवाळीत घरात सगळ्यांना कपडे आले. माझ्यासाठी तुम्ही टेम्पोतून एक धूड आणलंत. भंगारात निघालेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चौघांना उचलावा लागला. मागच्या अंगणात ठेवून म्हणालात, "हा तुझा. खोल. बिघडला तर बिघडला, तो आधीच बिघडलेलाच हाय." आईंनी कपाळावर हात मारला. चार महिने तो अंगणात होता. दुपारची कामं उरकली की मी बसायचे, तुम्ही उलट्या डब्यावर बसून मला बॅटरी धरायचात. पूर्वी मी तुम्हाला बॅटरी धरायचे, तेव्हा मला त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं. आज लिहिताना वाटतंय. आत एक जाड ताटली निघाली, तेलाच्या वाटा कोरलेली, भुलभुलैयासारखी. तिच्यात ज्वारीच्या दाण्याएवढे छर्रे आणि बारीक स्प्रिंगा. कुठला छर्रा कुठल्या घरातला ते विसरलं की संपलं. मी घरातून इडलीपात्र आणलं आणि एकेका खळग्यात एकेक ठेवत गेले, खडूनं आकडे टाकत. तुम्ही बघत राहिलात आणि म्हणालात, "हे मला सुचलं नसतं." त्या इडलीपात्रात पुन्हा इडल्या झाल्या नाहीत, आईंनी नवं घ्यायला लावलं. तो गिअरबॉक्स कुठल्या गाडीत बसायचा नव्हताच. पण तो मी सात वेळा खोलला आणि सात वेळा जोडला. सातव्यांदा एकही वस्तू उरली नाही आणि एकही कमी पडली नाही. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. चालत्या गाडीचा ऑटोमॅटिक मी केलेला तुम्ही पाहिलाच नाहीत.

नंतरचं थोडक्यात सांगते. पंचवटीची जागा सोडून गॅरेज अंबडला आणलं. पुण्यात पंधरा दिवसांचं शिक्षण घेतलं, वर्गात बावीस पुरुष आणि मी. पहिला ऑटोमॅटिक केला तेव्हा गाडी सुरू करताना डोळे मिटून घेतले होते. आता आपण फक्त तेच काम करतो. गॅरेजात आणखी दोघं मिस्त्री आहेत, दोघंही माझ्यापेक्षा वयानं मोठे, आणि कागद अजून मीच लिहिते.

तर ती निळी गाडी. मालक निफाडकडचाच, द्राक्षं परदेशी पाठवणारा, स्वतःचं कोल्ड स्टोरेज असलेला, पस्तिशीचा माणूस. गाडी परदेशी, मुंबईहून सेकंडहँड घेतलेली. मुळातच सव्वाचारशे हॉर्सपॉवरची, आणि ह्यानं कुणाकडून तरी लॅपटॉप लावून तो जोर सहाशेच्या वर नेलेला. आपल्या जुन्या जीपच्या दहापट जोर म्हणा ना! इंजिन झालं पैलवान, पण खालचा गिअरबॉक्स होता तेवढाच राहिला. एक दिवस पुढं निघायच्या जागी गाडी नुसतीच बोंबलायला लागली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, पूर्ण गिअरबॉक्स नवा घाला, एकोणीस लाख. मग कुणीतरी त्याला आपला पत्ता दिला.

तो आला तेव्हा मी गाडीखाली होते. "ताई, मिस्त्रींना बोलवता का?" मी बाहेर सरकले. "बोला." तो म्हणाला, "नाही, ते ऑटोमॅटिकवाले मिस्त्री." मी म्हणाले, "तेच मी." त्यानं एकदा पाटीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि बसला. मी त्याच्यासमोरच कागद लिहायला घेतला. गिअरबॉक्सच्या आत क्लचच्या चकत्यांच्या थप्प्या असतात, त्यांनीच सगळा जोर धरायचा असतो. साध्या चकत्या पन्नास-पंचावन्न हजारांत येतात, पण त्या ह्या इंजिनापुढं सहा महिने टिकत नाहीत. जास्त जोराच्या चकत्या बाहेरून मागवायच्या, वर सरकारी ड्यूटी, सगळे मिळून पावणेदोन लाख. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेलानं भरलेला एक मोठा गोल डबा असतो, तो लेथवर कापून, आतलं अस्तर बदलून, पुन्हा वेल्ड करून, फिरताना थरथरणार नाही असा तोलून घ्यायचा, नव्वद हजार. सील, तेल सोडणाऱ्या विजेच्या झडपा, मोठा कूलर, खास तेल, हे सगळं एक लाख नव्वद. आणि शेवटची ओळ मी ठळक लिहिली: मजुरी, एक लाख पंचावन्न हजार. एकूण सहा लाख दहा.

तो हसलाच. "एवढ्यात तर माझ्या मॅनेजरला नवी गाडी येईल. मजुरी दीड लाख? ताई, मुंबईकडचा एक जण सगळं काम अडीच लाखात करून देतोय."

मी विचारलं, "तुमची निर्यातीची द्राक्षं आणि बेदाण्याची द्राक्षं, वेल एकच असतो ना?"

"हो."

"मग खर्च एक का येत नाही?"

त्यानं कागद पुन्हा जवळ ओढला. मीही निफाडचीच. घडाघडाची विरळणी करताना माझ्या आईची बोटं कशी व्हायची ते मी बघितलंय, हे त्याला सांगितलं. वर म्हणाले, "जोर वाढवायला त्यांनी लॅपटॉप लावून अर्धा तास घेतला. तो जोर पेलेल असं खाली बसवायला मला पाच आठवडे लागणार. दोन्हीची मजुरी सारखी कशी असेल?" त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली, चहा घेतला, "विचार करतो" म्हणाला, आणि गेला. आठवड्यानं कळलं, गाडी मुंबईकडं गेली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? तो महिना तसाही सुका चालला होता.

तीन महिन्यांनी तीच गाडी ट्रकच्या फळीवर बांधून आपल्या दारात आली. तो उतरला, माझ्याकडं न बघता म्हणाला, "हजार किलोमीटर चालली. आता तुम्ही म्हणाल ते." मी त्याला काही सुनावलं नाही. पण गिअरबॉक्स खोलला आणि माझंच तोंड कडू झालं. साध्या चकत्या घातलेल्या, त्या जळून कोळसा झालेल्या. त्यांच्या चुऱ्यानं तेलाचा पंप खाल्लेला, आणि चकत्या ज्यात बसतात त्या एका ड्रमला केसाएवढी चीर. म्हणजे सहा दहाचं काम आता सहा ऐंशीचं झालं होतं.

घरी तुमच्या लेकाला सांगितलं. तो ताटावरून उठताना म्हणाला, "जुन्याच भावात सांग. सत्तर हजार आपण सोसू. पुन्हा गेला तर येणार नाही." त्याला माझी काळजी होती, मला कळत होतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "मग त्या कागदात मी कुठं आहे?" तो माझ्याकडं बघत राहिला, कारण हे वाक्य त्यानंही लहानपणापासून कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकलेलं होतं. मग हसून म्हणाला, "म्हातारा काही जात नाही घरातून. सांग बाई, सहा ऐंशी सांग."

मी सांगितले. फुटका ड्रम आणि पंप मालकाच्या हातात दिला, नखानं चीर दाखवली, आणि म्हणाले, "वर्षभराची लेखी गॅरंटी देते. माझ्या कामात खोट निघाली तर सगळे पैसे परत." त्यानं सही केली. खरं तर परत द्यायला माझ्याकडं एवढे पैसे नव्हतेच. निम्म्याहून जास्त रक्कम तर सामानालाच जाणार होती.

पाच आठवडे त्या एका गिअरबॉक्सशी मी बोलत होते म्हणा ना. सामान यायला तीन आठवडे गेले, तोवर मी प्रत्येक भाग धुतला, मोजला, मांडला. मधला गोल डबा सातपूरच्या लेथवाल्या चाचांनी केला. त्यांनी तीनदा तोलला आणि म्हणाले, "बेटी, ये अब नहीं हिलेगा. गाडी हिल जाएगी, ये नहीं." चकत्यांच्या थप्पीत किती जागा मोकळी राहायला हवी ते मी कागदाच्या जाडीपर्यंत मोजलं. गिअरबॉक्स वर चढला, तेल भरलं, गाडी लिफ्टवर असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडले. आमच्या दोन्ही मिस्त्र्यांनी टाळ्या वाजवल्या. मी गाडी रस्त्यावर काढली, आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना ती क्षणभर सुटली. इंजिन बोंबललं, काटा वर गेला, आणि मग धक्क्यानं गिअर पडला.

दादा, मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. माझं मन लगेच कारणं शोधायला लागलं. सामानच खराब आलं असेल, त्या मुंबईवाल्यानं आणखी काहीतरी बिघडवून ठेवलं असेल. पण आत कुठंतरी मला माहीत होतं. तिसऱ्या गिअरचा ड्रम बसवला त्या दुपारी मालकाचे चार फोन आले होते. घाईत मी त्या एका ड्रमची हवेची तपासणी, म्हणजे हवा सोडून सील धरतंय का ते बघणं, केली नव्हती. बाकी सगळ्यांची केली, तेवढ्या एकाची नाही. गॅरेजात परत आले, दोघांना म्हणाले, "उतरवा." अख्खा गिअरबॉक्स पुन्हा खाली. खोलला, तर ड्रममधल्या सीलची कड बोटभर मुडपलेली. त्यातून तेल निसटत होतं. सीलची किंमत नऊशे रुपये.

मी मालकाला फोन केला. "गाडी तयार नाही. चूक माझी आहे, एक तपासणी राहिली. आणखी चार दिवस लागतील, तुम्हाला जास्तीचा एक रुपया लागणार नाही." मी शिव्या ऐकायची तयारी ठेवली होती. मग तो म्हणाला, "ताई, तिकडं मी सहा वेळा खेटे घातले. चूक झाली असं एकदाही कुणी म्हणालं नाही. चार काय, आठ दिवस घ्या."

चारच घेतले. नवी सील, नवी तपासणी, सगळ्यांची पुन्हा, एकेक करून. मग परवा सकाळी मी गाडी घेऊन मोहदरी घाटाकडं निघाले. एकटीच. म्हटलं, फजिती व्हायची तर कुणी बघायला नको. सिन्नरच्या बाजूला घाट सुरू झाला, पुढं ट्रक नव्हता, आणि मी पाय दाबला. पहिला, दुसरा, तिसरा. तिसरा कधी पडला ते मला कळलंच नाही. फक्त पाठ सीटला चिकटली आणि डोंगर अंगावर आला. चौथा, पाचवा. मी काट्याकडं बघते, तो एका जागी थरथरत नाही, लटपटत नाही, दमात चढतोय. सहाशे हॉर्सपॉवर माझ्या हाताखालच्या त्या चकत्यांनी अलगद धरून ठेवली होती. वर पोचले, गाडी कडेला लावली, उतरून बॉनेटवर हात ठेवला. ते गरम होतं, आणि माझे हात गार पडले होते.

काल मालक आला. मी त्याला शेजारी बसवून एक चक्कर मारली, मग त्याच्या हातात दिली. परत आला तेव्हा त्याचा चेहरा दहावी पास झालेल्या पोरासारखा झाला होता. उरलेले पैसे त्यानं तिथंच दिले. मग एक गंमत झाली. त्यानं बिलाचा फोटो काढला आणि कुणालातरी फोन लावला. मला वाटलं, आता रडगाणं सुरू. तर हा फोनवर छाती फुगवून सांगतोय, "सहा ऐंशी! हो, सहा ऐंशी. नाशकात. एक रुपया कमी केला नाही त्या ताईंनी. तू जाशील तेव्हा भाव करायला जाऊ नको, आधीच सांगतो." ज्या आकड्यावर तो हसला होता, तोच आकडा तो आता मिरवत होता. आज सकाळपासून मला तीन फोन येऊन गेले. एक पुण्याहून, तशीच मोठी गाडी. मी म्हटलं, आधी गाडी आणा, खोलून बघेन, मग कागद लिहीन.

काल घरी आल्यावर आईंना मी बिल दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, सामानाच्या ओळी सोडून थेट मजुरीवर बोट ठेवलं, आणि विचारलं, "हे तुझे?" मी हो म्हणाले. त्यांनी बिल देवापाशी नेऊन ठेवलं. संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या तेव्हा आतून बाहेर आणून त्यांना दाखवताना मी ऐकलं, "माझ्या सुनेच्या हाताचे आहेत हे, नुसत्या हाताचे."

तुमचा लेक जिना चढतोय, पिशव्यांचा आवाज येतोय. हे पत्र कुठं टाकायचं नाही, आणि त्याला दाखवायचंही नाही. कारण त्यात आता एक गोष्ट लिहिणार आहे, जी मी कुणालाच सांगितलेली नाही. जॉबकार्डावर मी लिहिलंय, मोहदरी घाटात तपासणीच्या तीन फेऱ्या केल्या. पहिली फेरी तपासणीची होती, ती खरी. दुसरी इंजिन तापल्यावर बघायला हवी होती, तीही खरी. तिसऱ्या फेरीत तपासायला काही उरलं नव्हतं. तिसऱ्यांदा मी चारी काचा खाली केल्या, पदर कमरेला खोचला, आणि घाट संपेपर्यंत मोठमोठ्यानं ओरडत वर गेले.